बंदी आवाजावर घाला, रंध्यावर नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या फलकावर सूचना लागली : 'रविवारी व सुट्टीच्या दिवशी इमारतीत व आवारात कोणत्याही प्रकारचे सुतारकाम करण्यास सक्त मनाई आहे.' मी वर्तकनगरला राहते, वय ५४, एका रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. आठवड्याचे सहा दिवस प्रयोगशाळेत जातात आणि रविवारची सकाळ लाकडात. त्या सूचनेने ती सकाळ माझ्या हातातून गेली. ठाण्यात आणि नवी मुंबईत माझ्यासारखे हौशी आणखीही असणार आणि त्यांच्या सोसायट्यांचे नियमही याच धर्तीचे असणार, म्हणून हे पत्र आपल्याकडे पाठवते आहे.

सूचना का लागली ते मला ठाऊक आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराचे नूतनीकरण चार महिने चालले होते. टाइल्सचा कटर, भिंत फोडायचा ब्रेकर, प्लायवूड कापायची विजेची करवत, आणि हे सगळे रविवारीसुद्धा. समोरच्या घरात दहावीचा मुलगा, खालच्या घरात नुकतीच बायपास झालेले आजोबा. मीही त्या दिवसांत कानात कापूस घालून स्वयंपाक केला आहे. लोकांनी बंदी मागितली ते रास्तच होते. पण त्रास होता यंत्रांच्या आवाजाचा आणि बंदी आली सुतारकामावर.

माझ्याकडे विजेवर चालणारे एकही हत्यार नाही. लाकूड तासून गुळगुळीत करायचा एक १४ इंची लोखंडी रंधा, एक लहान लाकडी रंधा, चार पटाश्या (खाच पाडायची सपाट पात्याची हत्यारे), दोन करवती, हाताने फिरवायचे ड्रिल, काटकोन तपासायचा गुण्या आणि पटाशीवर ठोकायची लाकडी मोगरी. स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या पार्किंगमध्ये, मीटर रूमशेजारी एक स्कूटर मावेल एवढी जागा आहे, तिथे जुन्या सागवानी दाराच्या फळीचे टेबल मांडून मी साडेनऊ ते साडेबारा काम करत असे. आजवर पाट, चौरंग, पुस्तकांच्या दोन मांडण्या, आईच्या औषधांची पेटी आणि एक देव्हारा केला. लाकूड विकत घ्यावे लागत नाही. नौपाड्यात आणि चरईत जुन्या इमारती पाडताना चाळीस-पन्नास वर्षांचा साग दारांच्या चौकटींतून निघतो आणि वखारीवाला घेऊन गेला नाही तर डेब्रिजबरोबर जातो. मुकादमाला आधी सांगून ठेवले तर तो एखादी चौकट बाजूला ठेवतो.

आता मूळ मुद्द्यावर येते. हाताचे हत्यार आवाज करते ते बोथट झालेले असते तेव्हा. बोथट रंधा फळीवर उड्या मारतो, खडखडतो, लाकडाचे तंतू उपटतो. ती उपटलेली जागा गुळगुळीत करायला मग माणूस सँडर, म्हणजे लाकूड घासायचे विजेचे यंत्र, आणतो आणि तिथून गोंगाट सुरू होतो. बोथट पटाशीवर हातोडी मारावी लागते, धारदार पटाशीला तळहाताचा रेटा पुरतो. धार असेल तर रंध्याचा आवाज कोणी शेजारी सुती साडी झटकावी तेवढाच.

धार हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत मायक्रोटोमच्या पोलादी सुऱ्या आम्हीच घासत असू. मायक्रोटोम म्हणजे मेणात बसवलेल्या ऊतीच्या तुकड्याचे काप काढणारे यंत्र. ते काप ४-५ मायक्रॉन जाडीचे असतात, केसाच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ. सुरीला एक खवला पडला तर कापावर आरपार रेघ उमटते आणि डॉक्टरांना निदान करणे अवघड होते. माझ्या वरिष्ठ बाईंनी मला काचेवर सुरी घासायला आणि चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायला शिकवले. आता एकदा वापरून टाकून द्यायची पाती आली आणि ते काम संपले, पण माझ्या बोटांतून गेले नाही.

दुसरे गुरू माझे बाबा. एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, १९६२ साली स्थापन झाली, त्यानंतरच्या काळात वागळे इस्टेटमधल्या एका फाउंड्रीत ते पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारे. ओतीव लोखंड थंड होताना आकसते, म्हणून त्यांची मोजपट्टीच वेगळी असे. तिच्यावरचा एक फूट बाजारातल्या फुटापेक्षा एक अष्टमांश इंचाने मोठा. ती पट्टी माझ्याकडे आहे. अजाणता तिनेच मापून केलेली माझी पहिली तीन फुटी फळी कोनाड्यात बसली नाही, तेव्हा बाबांनी ती पट्टी हातात धरून मला हा सगळा हिशेब समजावला होता.

बाबांना धारेचा कोन मोजायला यंत्र लागत नसे. "पात्याच्या जाडीच्या दुप्पट उतार ठेव, ३० अंश आपोआप येतात," ते म्हणत. मी आजही तसेच करते. शनिवारी रात्री जेवणे झाली की स्वयंपाकाच्या ओट्यावर १० मिलिमीटर जाडीची काच ठेवते, तिच्यावर पाणी शिंपडून वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा पॉलिश पेपर, चिकटवते. आधी ४०० नंबर, मग १०००, शेवटी २०००. रंध्याच्या पात्याची पाठ, म्हणजे उतार नसलेली बाजू, पहिल्यांदा सपाट करायची. नव्या पात्याला यात तास जातो, पण पुढे जन्मभर ते पुन्हा करावे लागत नाही. मग उताराच्या बाजूने घासायचे. पाठीवरून बोट बाहेरच्या दिशेने अलगद सरकवले की काही वेळाने धारेच्या टोकाला बारीकशी खरखर लागते, उलटलेल्या पोलादाची. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग लागली की समजायचे, धार कडेपर्यंत पोहोचली. पुढच्या कागदावर जायचे. शेवटी ती खरखर जुन्या चामडी पट्ट्यावर मोडून काढायची. वर्तमानपत्राचा कागद उभा धरून पाते टेकवले आणि तो न फाटता कापला गेला की झाले. पात्याला खवला नसेल तर सगळे मिळून दहा मिनिटे.

साग धार लवकर खातो, त्याच्यात वाळूसारखी सिलिका असते. म्हणून सागावर काम करताना मी अर्ध्या-पाऊण तासाने पट्टा मारते. ग्राइंडरवर हत्यार नेत नाही. तिथे पाते क्षणात तापते आणि निळे पडले की त्याचे पाणी उतरलेच, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेलाच. रस्त्यावरच्या धारवाल्याकडेही सुऱ्या-कात्र्या देते, रंध्याचे पाते देत नाही. हल्ली बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच करवतींचे दात कडक केलेले असतात, टोकाला काळपट-निळसर दिसतात. त्यांच्यावर कानस चालत नाही, बोथट झाल्या की फेकाव्या लागतात. घेणाऱ्याने आधी दात बघावेत. मी साध्या दातांची जुनी करवत वापरते आणि तिकोनी कानशीने स्वतः दात लावते.

बोथट हत्याराची शिक्षा मी भोगली आहे. नऊ वर्षांपूर्वी कंटाळा केला आणि धार न लावता पटाशी चालवली. जोर जास्त लावावा लागला, पटाशी घसरली आणि डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये घुसली. तीन टाके पडले. तेव्हापासून दोन्ही हात पटाशीच्या धारेमागे ठेवल्याशिवाय मी जोर देत नाही आणि शेजारच्या मुलांना पहिल्यांदा हेच शिकवते.

आरोग्याचाही मुद्दा आहे आणि तो माझ्या कामाशी जोडलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. नाक आणि सायनसचा कर्करोग हा त्यातला ठळक. सँडरने उडणारी बारीक धूळ तासन्‌तास हवेत राहते. धारदार रंध्यातून निघतात त्या कुरळ्या सालपटी, त्या जमिनीवर पडतात आणि केरसुणीने गोळा होतात.

हे सगळे मी आमच्या सेक्रेटरीकाकांना सांगितले. ते म्हणाले, "वहिनी, तुम्हाला सूट दिली तर उद्या प्रत्येक जण मागेल." मी म्हटले, "सूट नको. रविवारी अकरा वाजता तुम्ही तुमच्या हॉलमध्ये नुसते बसा." त्यांचे घर पहिल्या मजल्यावर, बरोबर माझ्या टेबलाच्या वर. मी तीन फुटी सागाची फळी दोन्ही बाजूंनी रंधली, टोके करवतीने कापली, पटाशीने एक खाच साफ केली. पाऊण तासाने फोन केला. काका म्हणाले, "अहो, सुरू कधी करताय?" त्यांना पंखा ऐकू येत होता आणि कुकर ऐकू येत होता. नोटीस मात्र अजून फलकावर आहे, कारण 'समितीने ठरवलेले' आहे.

मोगरीने खाच पाडताना ठकठक होते, हे मी लपवत नाही. ते काम मी शनिवारी दुपारी चारनंतर करते, आधी हाताच्या ड्रिलने भोके पाडून घेते, म्हणजे ठोके निम्म्याहून कमी होतात. आवाजाची मर्यादा ठरवायला आपल्याकडे कायदा आहेच. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल लिहिले आहेत, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सोसायट्यांनी आपला नियम त्या धर्तीवर लिहावा : रविवारी विजेची हत्यारे आणि ठोकाठोक बंद. पुढे आणखी काही लिहायची गरज नाही.

चौथ्या मजल्यावरची सहावीतली मुलगी दर रविवारी खाली येत असे. "काकू, आज मी सालपट काढू?" पहिल्या दिवशी तिने रंधा उलटा ओढला होता. नोटीस लागायच्या आदल्या रविवारी तिने दोन फूट लांबीची सलग सालपटी काढली आणि उजेडाकडे धरली, तर पलीकडची स्कूटर तिच्यातून दिसत होती. आता ती दर शनिवारी विचारते आणि मला नाही म्हणावे लागते.

महापालिकेलाही एक विनंती आहे. वाचनालयांसाठी या शहराने फार आधी जागा शोधल्या, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे आहे. पालिकेच्या एखाद्या रिकाम्या खोलीत चार मजबूत टेबले, पाण्याचा नळ आणि धार लावायचे दगड ठेवले, तर फ्लॅटमध्ये जागा नसलेल्यांची सोय होईल. हत्यारे ज्याची त्याने आणावीत. मी महिन्यातले दोन रविवार तिथे येऊन धार लावायला शिकवीन, मानधन नको.

आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर आहे. नियमाचे शब्द बदलण्याचा ठराव मी लेखी दिला आहे. सभेला मी रंधा आणि सागाची एक फळी घेऊन जाणार आहे. मतदानाआधी दोन मिनिटे सर्वांनी गप्प बसून ऐकावे, एवढेच अध्यक्षांना कळवले आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, वर्तकनगर, ठाणे (प.)
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)