पाटीवर फक्त ‘धान्य मोजण्याचे माप’ : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : जिल्ह्याजिल्ह्यांतल्या वस्तुसंग्रहालयांची दाखल रजिस्टरे

माननीय महोदय,
सादर नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. एकतीस वर्षे इतिहास शिकवला. आज आपल्याला पत्र लिहिते आहे ते धान्य मोजायच्या एका पायलीमुळे.

ही पायली माझ्या वडिलांची, आण्णांची. बाजारपेठेत आमचं भुसाराचं दुकान होतं. जाड पत्र्याची, काठाला पितळी पट्टी ठोकलेली, आतून घासून घासून गुळगुळीत झालेली. १९५६ च्या कायद्यानं देशात मेट्रिक मापं आली, पण आमचं गाव पुढं कितीतरी वर्षं पायलीतच बोलत राहिलं. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. ज्वारी मोजताना आण्णा ‘एक’ कधीच म्हणायचे नाहीत. पहिलं माप ‘लाभ’, मग दोन, मग तीन.

पायलीच्या बाहेरच्या अंगाला खिळ्यानं ओढलेल्या चोवीस रेघा होत्या. १९७२ च्या दुष्काळात उधारीवर दिलेल्या धान्याच्या त्या खुणा. वहीत लिहिलं तर पुढं पोरंबाळं वसुलीला जातील, म्हणून त्यांनी वहीत लिहिलं नाही, पायलीवर रेघ ओढली. ज्यानं फेडलं त्याच्या रेघेवर आडवी रेघ. सतरा रेघा अशा कापलेल्या आहेत. सात तशाच आहेत. लहानपणी मी विचारलं होतं, ही सात माणसं कोण? ते म्हणाले, “ते सोडून दिले.”

आण्णा थकल्यावर आम्ही ती पायली जवळच्या एका वस्तुसंग्रहालयाला दिली. त्या संग्रहालयाचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण जे तिथं घडलं ते इतर ठिकाणीही घडत असणार अशी मला भीती आहे. सोबत आण्णांनी स्वतःच्या अक्षरात दोन पानं लिहून दिली होती : पायली कुठं घडवून घेतली, कोणत्या बाजारात चालली, रेघांचा अर्थ काय.

काही वर्षांनी मी सातवीचा वर्ग घेऊन तिथं गेले. मुलांना रेघा दाखवायच्या होत्या. पायली काचेच्या कपाटात होती, पण रेघांची बाजू भिंतीकडं. खाली पाटी : ‘धान्य मोजण्याचे माप. मराठाकालीन.’

मी आलेल्या वस्तूंच्या नोंदीचं रजिस्टर पाहायला मागितलं. तिथं एकच माणूस होता आणि तो अतिशय सभ्यपणे वागला, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. म्हणाला, “बाई, तिकीट, कुलूप, पाणी, झाडलोट आणि रजिस्टर, सगळं माझ्याकडंच आहे.” रजिस्टरात नोंद होती : ‘माप, लोखंडी, १ नग’. देणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, साल नाही. आण्णांची दोन पानं कुठंही सापडली नाहीत.

महोदय, वस्तू शाबूत आहे. तिला गंज नाही, ती चोरीला गेलेली नाही, तपासणीला आलेला कोणताही अधिकारी ‘१ नग’ मोजून समाधानानं परत जाईल. तरीही जे द्यायला आम्ही तिथं गेलो होतो ते हरवलं. संग्रहालयात वस्तू हरवण्याचा हा प्रकार कुठल्याच तक्रारीत येत नाही, म्हणून मी तो आपल्यापुढं मांडते आहे.

वस्तूचा ठावठिकाणा माहीत असला की काय होतं, याचं उदाहरण आपल्या राज्यातच आहे. कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात पोसायडनची, म्हणजे ग्रीक समुद्रदेवतेची, छोटी कांस्यमूर्ती आहे. ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात सापडली. हीच मूर्ती कुणा जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाली असती तर ती परदेशातून आणलेली एक शोभेची वस्तू ठरली असती. ब्रह्मपुरीच्या मातीतून आली हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन व्यापाराचा पुरावा ठरते. फरक मूर्तीत काहीच नाही. फरक नोंदीत आहे.

तेरचंही तसंच. धाराशिव जिल्ह्यातलं तेरणाकाठचं हे गाव म्हणजे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनातलं तगर. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, असं त्यात लिहिलं आहे. संत गोरा कुंभारांचं गावही हेच. तिथल्या मातीतून वर येणाऱ्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती, मणी, नाणी रामलिंगप्पा लामतुरे यांनी हौसेनं आणि चिकाटीनं गोळा केल्या. ते त्याच गावचे. त्यांच्या संग्रहावर आज तिथलं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं आहे. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना अभ्यासक इटलीतल्या पॉम्पेईला १९३८ साली मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी करतात, आणि पॉम्पेई तर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. हे सगळं बोलता येतं, कारण त्या वस्तू तेरच्या आहेत हे तेरच्या माणसानं जपलं.

आपल्याकडं ही परंपरा जुनी आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव वाड्यांच्या माळ्यावरची दप्तरं शोधत हिंडले, १८९८ पासून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधनं छापायला सुरुवात केली आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. त्यांच्या निधनानंतर धुळ्यात त्यांच्या नावानं संशोधन मंडळ झालं. पुण्यातच दिनकर केळकरांनी राजेरजवाड्यांच्या तलवारींइतक्याच प्रेमानं अडकित्ते, दिवे, कुलपं, वज्र्या जमवल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावानं तो सगळा संग्रह लोकांना दिला. पाय घासायची वज्री हीसुद्धा इतिहासाची वस्तू असू शकते, हे मराठी माणसाला त्या संग्रहालयानं शिकवलं.

इथं एक कायद्याची गोष्ट. पुरावशेषांबाबतचा १९७२ चा कायदा साधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो, हस्तलिखितांसारख्या कागदपत्रांसाठी ही मुदत पंचाहत्तर वर्षं आहे. म्हणजे आमच्या आजीचं जातं, गिरणी कामगाराचा हजेरीचा पास, पहिल्या ग्रामपंचायतीचं इतिवृत्त, दुष्काळातल्या रोजगार हमीचं मस्टर यांतल्या बहुतेक गोष्टींना कायद्याचं छत्र नाही. त्या भंगारात गेल्या तरी कुणी अडवणार नाही. स्थानिक संग्रहालय हाच त्यांचा एकमेव आसरा आहे, आणि तिथंही त्या ‘१ नग’ होऊन पडणार असतील तर लोकांनी त्या आणून का द्याव्यात?

वर्तमानपत्रांतून नव्या इमारती, प्रकाश-ध्वनी कार्यक्रम, मोठे पडदे यांच्या घोषणा वाचते. त्यांना माझा विरोध नाही. मुलांना ते आवडतं, मीही मुलांसोबत ते पाहिलं आहे. पण क्रम उलटा झाला आहे असं मला मनापासून वाटतं. आधी रजिस्टर, मग पाटी, मग दालन, मग पडदा.

म्हणून पहिली विनंती माणसांची. अभिरक्षक आणि सहायक अभिरक्षकांची रिकामी पदं भरा, आणि भरलेल्या माणसांना त्यांचंच काम करू द्या. तिकीट फाडणाऱ्याकडून नोंदवही लिहून घेणं हा त्याच्यावरही अन्याय आहे. नोंदीसाठी एकच छापील नमुना सगळीकडं द्या : वस्तू काय, कुणी दिली, कोणत्या गावची, कधी मिळाली, देणारा तिच्याविषयी काय म्हणाला. शेवटचा रकाना सगळ्यांत मोठा ठेवा. देणाऱ्याचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायलाही काही लागत नाही, दहा मिनिटं लागतात.

आणि त्या रजिस्टराची प्रत दुसऱ्या गावी ठेवा. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओ दि जानेरो इथलं ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. सुमारे दोन कोटी वस्तूंचा संग्रह होता, त्यातला फार मोठा भाग गेला. नंतर तिथल्या विद्यार्थ्यांना लोकांकडं हात पसरावे लागले, की तुम्ही कधी सहलीत काढलेले फोटो असतील तर पाठवा. आपल्याकडं आगीइतकीच भीती पाण्याची. २०१९ ला कोल्हापूर-सांगली, २०२१ ला चिपळूण आपण पाहिलं आहे. नदीकाठच्या शहरात तळमजल्यावर दप्तरं ठेवणं थांबवायला हवं. कसर, वाळवी आणि पावसाळी ओल यांच्याशी लढायला मोठी यंत्रं लागत नाहीत. जमिनीपासून वर उचललेली मांडणी, भिंतीपासून थोडं अंतर, स्वच्छ सुती कापड आणि दर महिन्याला उघडून पाहणारा माणूस, एवढ्यानं बरंच राखता येतं.

आता लोकांविषयी, कारण मला खरी आशा तिथं वाटते.

शाळेत असताना आम्ही एकदा गावातल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं. एका घरातून एक लाकडी चाक आणि दोन दोर आले. मुलांनी चिठ्ठी लावली : ‘दोर व चाक’. दुपारी एक ऐंशीच्या घरातले आजोबा काठी टेकत आले, चिठ्ठी वाचली आणि तिथंच खाली बसले. म्हणाले, “अरे, ही मोट आहे. मोठा दोर म्हणजे नाडा, तो बैल ओढतात. बारका तो सोंदूर, तो सोंडेला बांधायचा. बैल चालतात ती धाव. पाणी पडतं ते थारोळं.” मग त्यांनी मोटेवरचं गाणं म्हटलं, आवाज फाटलेला होता तरी पूर्ण म्हटलं. मुलांनी ती चिठ्ठी काढून मोठा कागद लावला आणि त्यांच्या तोंडचे सगळे शब्द लिहिले. विजेचे पंप आले तेव्हा बैलांनी विहिरीचं पाणी उपसायची मोट गेली आणि तिच्यासोबत हे शब्दही बोलण्यातून गेले. ते त्या एका माणसाकडं शिल्लक होते. पुढच्या पावसाळ्यात ते वारले.

असे आजी-आजोबा प्रत्येक तालुक्यात आहेत, पण फार दिवस नसतील. प्रत्येक संग्रहालयानं महिन्यातून एक दिवस साठवणखोलीतल्या, ओळख न पटलेल्या वस्तू आणि जुने फोटो बाहेर काढून टेबलावर मांडावेत आणि म्हाताऱ्या माणसांना चहाला बोलवावं. बैलगाडी दुरुस्त करणारा सुतार, कल्हईवाला, घोंगडी विणणारा, सुईण. त्यांनी सांगावं, शाळेच्या मुलांनी लिहून घ्यावं. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन त्यासाठी सुरुवातीला चांगला आहे, पण त्या दिवशी सुट्टी असते मुलांना, म्हणून मी जून-जुलै म्हणेन.

मोडी कागदांचंही हेच करता येईल. आपल्याच पुराभिलेख संचालनालयाचे मोडी वर्ग चालतात. त्यातून शिकून तयार झालेल्या लोकांना जवळच्या संग्रहालयातला एकेक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, वाचायला द्या. शिकलेलं विसरणार नाही आणि दप्तरही उलगडेल.

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ नावाची वस्ती होती. वर्णभेदी सरकारनं १९६६ मध्ये ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली आणि साठ हजारांहून जास्त माणसं तिथून उठवली. १९९४ साली तिथं एक संग्रहालय सुरू झालं. त्याच्या जमिनीवर त्या वस्तीचा भलामोठा नकाशा पसरलेला आहे आणि उठवलेली माणसं येऊन जिथं आपलं घर होतं तिथं आपलं नाव लिहितात. हे मी वाचलं तेव्हा मला आपली कोयना आठवली. शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांची माणसं मूळ गावापासून दूर, वेगवेगळ्या जिल्ह्यांत पांगली. उजनीखालच्या गावांचंही तेच. त्यांच्या नातवंडांना मूळ गावाचं नाव माहीत आहे, पण चावडी कुठं होती, पाणवठा कुठं होता, हे सांगणारी पिढी आता संपत आली आहे. धरणाजवळच्या किंवा पुनर्वसन झालेल्या एखाद्या गावातल्या सभागृहात असा नकाशा जमिनीवर रंगवायला काय खर्च येईल? त्या माणसांनी राज्याच्या विजेसाठी आणि पाण्यासाठी घर सोडलं आहे. त्यांचं नाव लिहायला एक जमीन आपण त्यांना देऊ शकतो.

ज्यांना संग्रहालयापर्यंत येता येत नाही त्यांच्यापर्यंत जाण्याचा मार्गही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं दाखवला आहे. २०१५ पासून त्यांची फिरती बस शाळांपर्यंत आणि गावांपर्यंत जाते. जिल्ह्याला अशी एक गाडी मिळाली, अगदी जुन्या एसटीतून तयार केलेली मिळाली, तरी आमच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुलांना काचेतून का होईना, आपल्याच तालुक्याची नाणी आणि खापरं दिसतील.

महोदय, आण्णा आता नाहीत. त्यांची दोन पानं मला पुन्हा लिहावी लागली, आठवेल तशी, आणि जे त्यांच्याकडून विचारायचं राहिलं ते राहिलंच. पायलीची जोडीदार अधोली अजून माझ्या घरी आहे, धुतलेल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली. तिच्या तळाला आण्णांनी स्वतः कोरलेलं साल आहे आणि आईनं एकदा चुकून पाडली त्याचा पोचा आहे. संग्रहालयात तो मोठा रकाना असलेलं रजिस्टर आलं की मला कळवा. मी अधोली घेऊन येईन आणि माझ्या हातानं नोंद लिहून देईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका