लक्ष्मीबद्दल एक ओळ तरी लिहायची होती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' नाटकावरचा (नवऱ्याचं घर सुटलेल्या बायका घरी आणून ठेवणारा सखाराम, आधी लक्ष्मी, मग चंपा) लेख वाचला आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाहीये. समीक्षक महाशयांचं म्हणणं काय, तर तेंडुलकरांना नुसती खळबळ उडवायची होती, सखारामबद्दल त्यांना आतून सहानुभूती होती म्हणून शेवटी त्याला पोलीस पकडताना दाखवला नाही, आणि चंपासारख्या बायका आपल्या मराठी घरांत नसतातच. १९७२ पासून हेच ऐकतेय. तेव्हा सेन्सॉरने कात्री लावली, प्रयोग अडवले, दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकून आले. तरी आपले विद्वान अजून लेखकाचा हेतूच शोधतायत!

अहो, हेतू नाटकात आहे ना, नाटक वाचा. चंपाची साडी, चंपाची दारू, चंपाच्या शिव्या, यावर सगळे पानंच्या पानं लिहितात. आणि लक्ष्मी? मुंगळ्याशी बोलणारी, देवाचं सगळं मनापासून करणारी, पण सखारामचा मित्र दाऊद मुसलमान म्हणून गणपतीच्या आरतीत नको म्हणणारी, त्यापायी सखारामचा मार खाते तरी हटत नाही. चंपाचं आणि दाऊदचं सखारामच्या कानावर घालते तीच. तो चंपाचा गळा दाबून सुन्न होतो, तेव्हा प्रेत पुरायचं पण तिलाच सुचतं. एवढं सगळं लेखकाने समोर मांडलंय आणि तुमच्या पानभर लेखात लक्ष्मी दोन ओळींत संपली, ती पण 'सोशिक' म्हणून.

मराठी घरांत नसतात म्हणे. रामबागेत आमच्या वाड्यात मागच्या खोलीत एक बाई राहायची, नवऱ्याने टाकलेली, एका विधुर गृहस्थांचा स्वयंपाक, धुणंभांडी सगळं करायची आणि तिथेच राहायची. नळावर तिची घागर बायका पायाने सरकवायच्या, हळदीकुंकवाला तिला बोलावणं नाही, आणि जो नवरा तिला टाकून गेला तो वाड्यात आला की त्याला ओट्यावर बसवून चहा. घागर सरकवणाऱ्यांत माझी आजी पुढे असायची, रोज स्तोत्रं म्हटल्याशिवाय पाणी न पिणारी आजी. एक दिवस ती बाई दिसेनाशी झाली, कुठे गेली ते कोणी विचारलं पण नाही. म्हणून मला लक्ष्मी लगेच ओळखू येते, त्यासाठी तेंडुलकरांच्या मुलाखती काढून बघाव्या लागत नाहीत.

मागे इथेच एका संस्थेत या नाटकाचं वाचन झालं, नंतर चर्चा. स्टेजवर सगळे पुरुष, तासभर लेखकाला काय म्हणायचं होतं हेच चाललेलं. मी उठून वाड्यातली ही गोष्ट सांगायला लागले तर माइक काढून घेतला, म्हणे मॅडम पर्सनल नको, नाटकावर बोला. मी नाटकावरच बोलत होते! त्याचा राग अजून गेला नाहीये, आणि काल तुमच्या पानावर परत तेच वाचलं.

तेंडुलकरांच्याच 'गिधाडे' नाटकाच्या वेळी साडीवरचा रक्ताचा डाग सेन्सॉरमुळे लालचा निळा करावा लागला होता. निदान तेव्हा प्रयोगाआधी प्रेक्षकांना तसं सांगून टाकलं होतं. तुमच्या समीक्षकांनी लक्ष्मीला न सांगताच निळं करून टाकलंय.

निळू फुलेंनी सखाराम आणि लालन सारंगांनी चंपा रंगमंचावर कशी उभी केली त्याबद्दल लेखात अक्षर नाही. आणि फोटो कुणी निवडला हो? ती ब्राह्मणांची रांग 'घाशीराम कोतवाल'मधली आहे, 'सखाराम'मध्ये अशी रांग येतेच कुठे! दोन्ही नाटकं तेंडुलकरांची, म्हणून कुठलाही फोटो चालतो का? पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा, आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात नको, त्याच पुरवणीत छापा.

आपली,
एक जुनी वाचक
रामबाग, इंदूर