कापराचे झाड आणि तुझा ताप

नागपूर, रविवार

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

नागासाकीच्या सान्नो देवळापुढील कापराच्या झाडांचा फोटो तू ज्या दिवशी पाठवलास, त्याच रात्री तुला इस्पितळात न्यावे लागले होते, हे आम्हाला तुझ्या मैत्रिणीकडून कळले. त्यावरून तुला काही बोलायचे नाही, असे बाबांनी बजावले आहे. म्हणून झाडांविषयीच लिहिते.

९ ऑगस्ट १९४५ रोजी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबॉम्ब फुटला, तेव्हा ही झाडे स्फोटकेंद्रापासून जेमतेम ८०० मीटरवर होती. शेंडे मोडले, खोडे होरपळली, अंगावर पान म्हणून उरले नाही. आणि वर्षअखेरपर्यंत त्या शहरातली सुमारे ७४ हजार माणसे गेली. तरीही त्या खोडांना पुन्हा पालवी फुटली. आपण आरतीला लावतो तो कापूर याच जातीच्या लाकडातून काढला जाई. त्या दिवशी तिथे कसला वास पसरला असेल, हा विचार काल तबकात कापूर ठेवताना मनात आला आणि हात थांबला.

तू लिहिलेस की वृक्षतज्ज्ञ उपचार करू लागले, तेव्हा स्फोटाने उडालेले दगड खोडाच्या पोकळीत सापडले. इतकी वर्षे झाड बाहेरून हिरवेगार आणि दगड आत तसेच! सायली, ताप अंगावर काढू नकोस. सहावीत कावीळ झाली तेव्हाही डोळे पिवळे होईपर्यंत तू बोलली नाहीस, आणि धंतोलीच्या घरात ती सवय कोणाकडून आली हे तुलाही ठाऊक आहे. परक्या देशात एकटीने राहणाऱ्या मुलीने दुखणे वेळीच सांगायला हवे, त्यात कमीपणा कसला? हा उपदेश झाला, माफ कर.

तू दीक्षाभूमीवरच्या बोधिवृक्षाखाली आजीचा हात सोडून पडलेली पाने गोळा करायचीस, ते आठवते. आज तीच मुलगी त्या कापराच्या झाडाखाली जपानी शाळकरी मुलांना १९४५ ची हकिकत त्यांच्याच भाषेत सांगते, हे मी शेजारी सर्वांना सांगितले आहे. ताप उतरला ना? खरे सांग.

रक्ताचे रिपोर्ट बाबांना पाठव, डॉक्टरकाकांना दाखवायचे आहेत. सगळी पाने पाठव, तुला योग्य वाटतील तेवढीच नव्हेत.

तुझी,
आई