पेटीतला कोट पेटीतच राहू द्या

ती. आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी हिवाळ्यात माझ्याकडे येताना बरोबर आणायच्या कपड्यांची यादी वाचून दाखवली, तेव्हा मी नुसतं ‘बरं, बरं’ म्हणत राहिले. खरं तर निम्म्या यादीला मला नाही म्हणायचं होतं. पण फोनवर तुम्ही दोघं एकाच वेळी बोलता, मी मध्ये तोंड घातलं की आई म्हणते ‘तू नको काळजी करूस’, आणि विषय तिथेच संपतो. म्हणून लिहायला बसले. बाबा, चष्मा लावून आईला मोठ्याने वाचून दाखवा, आणि मधली वाक्यं गाळू नका. तुमची ती सवय मला माहीत आहे.

आधी एक कबुली देते. आई, नऊ वर्षांपूर्वी मी तुझ्याशी खोटं बोलले होते.

इथला माझा पहिला हिवाळा. तापमान उणे १०, आणि मी सकाळी बसथांब्यावर. अंगात सुती बनियन, त्यावर सुती सदरा, त्यावर तू विणलेला विटकरी स्वेटर. खाली जीन्स आणि पायात पळायचे बूट. बस चुकेल म्हणून घरापासून धावत गेले होते, त्यामुळे पोचले तेव्हा अंग चांगलं तापलं होतं. मनात म्हटलं, लोक उगाच घाबरवतात. मग बस आलीच नाही. पाच मिनिटांत पाठ गार पडली, दहा मिनिटांत दात वाजायला लागले. वीस मिनिटांनी बस आली तेव्हा पाकिटातून पास काढायला बोटं वळेनात. मागच्या एका अनोळखी बाईंनी तो काढून दिला. संध्याकाळी तुझा फोन आला. तू विचारलंस, ‘स्वेटर पुरतो ना गं?’ मी म्हटलं, ‘मस्त ऊब आहे त्याला.’

त्या उत्तराच्या भरवशावर तू आता तुम्हा दोघांसाठी तसेच दोन स्वेटर विणते आहेस, ‘वरून घालायला’. आणि बाबा त्यांचा लग्नातला लोकरी कोट पेटीतून काढून उन्हात टाकताहेत. तेव्हा आता खरं सांगायलाच हवं.

स्वेटरची काही चूक नव्हती. मी तो चुकीच्या जागी घातला होता. एक करून बघ: विणलेला भाग तोंडासमोर धर, त्यावर फुंकर मार आणि पलीकडे हात ठेव. फुंकर हाताला लागते ना? तसाच वारा आत येतो. कपडा स्वतः ऊब देत नाही. ऊब आपल्या अंगाची असते, आणि ती धरून ठेवते कपड्यात अडकलेली हवा. लोकरीच्या कुरळ्या धाग्यांत अशी हवा भरपूर असते, म्हणून लोकर उबदार. पण ती हवा एका जागी थांबली तर. वारा ती क्षणोक्षणी पळवून नेत असेल तर स्वेटर कितीही जाड असला तरी उपयोग नाही. त्या दिवशी माझ्या स्वेटरवर वारा अडवणारं काहीच नव्हतं.

आणि स्वेटरच्या आत मी सुती कपडे घातले होते, ही त्याहून मोठी चूक. आपल्याकडे उकाड्यात सुती कपडा बरा, कारण तो घाम पितो आणि ओला राहून अंग गार ठेवतो. इथे नेमकं तेच नडतं. पाणी उष्णता ओढून नेतं ते स्थिर हवेच्या साधारण २५ पट वेगाने. मी धावले, घामेजले, बनियनने घाम प्यायला, आणि मग मी वीस मिनिटं ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखी उभी राहिले. लोकरीचं तसं होत नाही. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. म्हणून बाबांच्या यादीतले ते ‘सुती बनियन, सहा’ कृपा करून खोडा. घरात घालायला दोन आणा.

अंगालगत हवं पातळ लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं थर्मल. घट्ट बसणारं, पण आवळणारं नाही. वर आणि खाली, दोन्ही. खालचं सगळे विसरतात. इथे आलेला प्रत्येक नवा माणूस वर चार कपडे चढवतो आणि पायात एकच विजार घालून फिरतो. त्यावर मधला थर, हवा धरून ठेवणारा. आई, तुझा स्वेटर या जागेवर हवा. आणि सगळ्यात वर वारा व पाणी अडवणारं जॅकेट. त्याच्याखाली तोच विटकरी स्वेटर घालून मी नंतर उणे २२ मध्येही चालत गेले आहे. फार गार असेल तर मधले थर दोन करायचे, पण प्रत्येक वरचा कपडा खालच्यापेक्षा सैल पाहिजे. एकावर एक आवळून चार स्वेटर चढवले की मधली हवाच पिळून जाते.

साडीचं तू विचारलं होतंस. नेस की, घरात आणि कुणाकडे गेलो तर. आत थर्मलची विजार, वर लांब जॅकेट. पण रस्त्यावर चालायचं असेल त्या दिवशी नको. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचा काळपट चिखल होतो. तो काठाला लागला की काठ ओला, मग पाय ओले. शिवाय खालून वारा शिरतो तो वेगळाच.

बाबा, आता तुमच्या आवडीचं. तुम्ही रोज माझ्या गावचं तापमान बघून मला कळवता. त्या आकड्याच्या शेजारी आणखी एक आकडा असतो, ‘वाटतं किती’ असा. तो बघत जा. वाऱ्याने थंडी किती वाढते हे पहिल्यांदा पद्धतशीर मोजलं पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या दोघा अमेरिकनांनी, १९४१ मध्ये, अंटार्क्टिकावर. प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून त्यांनी ते छपरावर टांगलं आणि वेगवेगळ्या वाऱ्यात पाणी गोठायला किती वेळ लागतो ते टिपलं. यातले सायपल अंटार्क्टिकावर पहिल्यांदा गेले ते बालवीर म्हणून, तुम्ही शाळेत होता त्याच गणवेशात म्हणा ना. पुढे २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने माणसाच्या चेहऱ्याचा विचार करून नवं सूत्र घेतलं. त्या हिशोबाने तापमान उणे १० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असला तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. हा आकडा उणे २८च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. त्या दिवशी आपण फिरायला जाणार नाही. तुम्ही रोज न चुकता फिरता हे मला ठाऊक आहे, तरी जाणार नाही.

जॅकेट तिथून घेऊन येऊ नका. ऊन असलेल्या गावात मिळणारी जॅकेटं दिसायला फुगीर असतात, पण आत काय भरलंय त्याचा पत्ता नसतो. मी दोन बघून ठेवली आहेत. मांड्या झाकतील एवढी लांब, डोक्यावर हूड, मनगटाशी घट्ट, आणि चेन खालूनही उघडणारी, म्हणजे बसताना ओढ बसत नाही. आईचं पिसांचं आहे, अगदी हलकं. तिचा खांदा दुखतो, त्यावर भार नको. पिसं ओली झाली की मात्र गोळा होऊन बसतात आणि ऊब जाते, म्हणून बाबांसाठी कृत्रिम भरावाचं घेणार आहे. ते ओलं झालं तरी बरंच काम देतं. बाबा छत्री विसरतात तसे हूड घ्यायलाही विसरणार, हे धरूनच चालले आहे. विमानतळाच्या दाराच्या आत मी दोन्ही घेऊन उभी असेन. बाहेर मला शोधायला येऊ नका. टोपी, हातमोजे आणि जाड मोजे मात्र हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा कधी कधी मागाहून येतात.

कानटोपी आणाच. बाबांना ती घालायची लाज वाटते, पण इथे कुणी वळूनही बघत नाही. अंगातली निम्मी ऊब डोक्यातून जाते असं तुम्ही मला लहानपणी सांगायचात, ते काही खरं नाही. डोकं म्हणजे अंगाचा साधारण दहावा भाग, आणि ऊबही साधारण तेवढीच जाते. पण कानांना चरबीचं पांघरूण नसतं, ते आधी गोठतात. अमेरिकेत चेस्टर ग्रीनवुड नावाच्या १५ वर्षांच्या मुलाने १८७३ मध्ये तारेची वेटोळी करून आजीकडून त्यावर फर शिवून घेतली आणि कान झाकले. पुढे त्याने त्याचं पेटंट घेतलं. मला यात आजीच जास्त आवडते. नातू तारा वाकवून समोर आला, तिने काही न विचारता सुई-दोरा घेतला असणार.

हातमोजे पाच बोटांचे नकोत. चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा असे हवेत. बोटं एकमेकांना ऊब देतात. दिसायला लहान मुलांसारखे दिसतात, दिसू देत.

आता बुटांचं, आणि हे बाबांनी दोनदा वाचावं. तुमच्या पायांना वर्षभर मुंग्या येतात, साखरेमुळे. म्हणजे पाय गार पडलेले तुम्हाला वेळेवर कळणार नाहीत. ‘मला नाही वाजत थंडी’ हे तुमचं नेहमीचं वाक्य इथे धोक्याचं आहे, कारण ते कदाचित खरंच असेल. बूट सैलसर हवेत, आत जाड लोकरी मोजा घालून बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही, मग दोन मोजे घातले तरी पाय थंडच. बाहेरून आलं की रोज मोजे काढून पाय बघायचे. तुम्हाला वाकायला त्रास होतो, तर मी बघेन. बोट पांढुरकं, राखाडी, मेणासारखं दिसलं, बधिर लागलं, तर चोळायचं नाही. शेगडीजवळ किंवा गरम पाण्याच्या पिशवीवर तर मुळीच ठेवायचं नाही. बधिर पाय भाजला तरी कळत नाही. कोमट पाणी, तेही आईने कोपर बुडवून बघितल्यावर, आणि लगेच डॉक्टर.

आणखी एक. वय वाढलं की अंगाची कुडकुडून ऊब तयार करायची ताकद कमी होते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला थंडी बाधल्याचं आधी समोरच्यालाच दिसतं. चालताना आई गप्प झाली, बोलणं अडखळलं, हात नीट चालेनासे झाले, तर बाबांनी ‘दमली असेल’ म्हणायचं नाही. लगेच घरात यायचं. उलट असेल तर आईनेही तसंच. एकमेकांवर लक्ष ठेवण्यात तुम्ही दोघं तसे पटाईत आहातच.

चालताना पावलं छोटी, हात खिशाबाहेर, बदकासारखं. रस्त्यावर पारदर्शक बर्फाचा पापुद्रा असतो, तो ओल्या डांबरासारखाच दिसतो. मी त्यावर तीनदा पडले आहे. (हेही सांगितलं नव्हतं.)

घरात मात्र २१ अंश असतं. आल्या आल्या जॅकेट काढायचं, नाहीतर आत घाम येतो आणि पुन्हा बाहेर पडताना तोच गारठवतो. हवा इतकी कोरडी असते की कानटोपी काढताना केस उभे राहतात आणि दाराच्या कडीला हात लावला की ठिणगी बसते. पहिल्यांदा बसेल तेव्हा आई ओरडणार. मी आत्ताच हसून घेते.

आता एक काम. आज संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, सगळ्यात जाड मोजे घालून दोघांनी कागदावर उभं राहा आणि एकमेकांच्या पावलांभोवती पेन्सिल फिरवा. दोन्ही पायांच्या. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो पाठवा, म्हणजे मी बूट आणून ठेवते. बाबा, तुमचा उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा आहे, तेव्हा एकाच पायाचा पाठवून काम भागवू नका.

आणि आई, विणायला घेतलेले दोन्ही स्वेटर पुरे कर, फक्त जॅकेटखाली मावतील असे. बाह्या थोड्या अरुंद, गळा उंच. विटकरी लोकर थोडी उरली असेल तर बरोबर आण. माझ्या स्वेटरचं डावं कोपर दोन वर्षांपासून उसवलं आहे. इथे एकीने दुरुस्त करून देते म्हटलं होतं, पण तुझे टाके तिला जमले नसते. रंग थोडा वेगळा असला तरी चालेल.

तुमची,
धाकटी