संकल्पाचे कार्ड आणि आठ नंबरचा नमुना

महोदय,

3 ऑगस्टच्या अवयवदान दिनाच्या आसपास घोडबंदर रोडवरच्या गृहसंकुलांत आणि वाशी-नेरूळच्या ज्येष्ठ नागरिक संघांत संकल्पाची शिबिरे भरतात. मोबाइलवर आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी येतो, पाठोपाठ कार्ड येते, फोटो निघतो. त्यात वावगे काही नाही. पण त्या कार्डाने नेमके काय होते आणि काय होत नाही, हे शिबिरात फारसे कुणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

1994 च्या कायद्यानुसार दोन साक्षीदारांसमोर केलेला लेखी संकल्प वैध आहे. त्यांपैकी एक साक्षीदार जवळचा नातेवाईक हवा. हा नमुना 7. प्रत्यक्षात मात्र रुग्णालय अवयव काढते ते नातेवाइकांनी नमुना 8 वर केलेल्या सहीवर. बायको सही करायला तयार आहे आणि साताऱ्याहून आलेले थोरले दीर 'नको' म्हणाले, की विषय तिथेच संपतो. कार्ड दाखवून कोणी भांडत बसत नाही. उलट कार्ड नसले तरी घरच्यांच्या सहीने दान होते. म्हणजे कार्डाचा खरा उपयोग घरच्यांना तुमची इच्छा कळावी एवढाच, आणि तेच कार्ड पाकिटात आधार कार्डामागे दडवून ठेवलेले असते. काही जण ही इच्छा मृत्युपत्रात लिहितात. मृत्युपत्र उघडते तेराव्यानंतर!

दुसरा घोळ 'मरणोत्तर' या शब्दाचा. घरी, अंथरुणात, हृदय बंद पडून मृत्यू आला तर मूत्रपिंड, यकृत, हृदय, फुप्फुसे यांचे दान आपल्याकडे होत नाही; रक्तपुरवठा थांबताच हे अवयव निकामी होऊ लागतात. ते मिळतात जवळजवळ नेहमी आयसीयूत, व्हेंटिलेटरवर असताना मेंदूमृत झालेल्या, म्हणजे मेंदूचे काम कायमचे थांबलेल्या रुग्णाकडून. बहुधा अपघातातला डोक्याचा मार किंवा मेंदूतला रक्तस्राव. मरणाऱ्यांत असे थोडेच.

नातेवाइकांचे पाऊल अडते ते इथेच. मॉनिटरवर ठोके दिसतात, छाती वरखाली होते, हात गरम लागतो, आणि डॉक्टर म्हणतात, गेले. कोण विश्वास ठेवेल? म्हणून तपासणी काय असते ते आधीच ठाऊक असलेले बरे. झोपेच्या औषधांचा अंमल, शरीराचे उतरलेले तापमान, क्षारांचा बिघाड ही कारणे आधी बाजूला काढतात. मग बुबुळावर उजेड टाकतात, डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला कापसाचे टोक लावतात, कानात बर्फाचे पाणी सोडतात, घशात नळी हलवून खोकला येतो का पाहतात. शेवटी व्हेंटिलेटर सोडवून श्वासनळीत नुसता ऑक्सिजन चालू ठेवतात आणि साधारण 8 ते 10 मिनिटे छातीपोटाकडे पाहत उभे राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइडचा दाब 60 मिमी पाऱ्याच्या वर चढतो. मेंदूस्तंभात (श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या खालच्या भागात) तिळमात्र जीव असता तर त्या पातळीला श्वासाची धडपड झालीच असती. हे सगळे किमान 6 तासांच्या अंतराने पुन्हा. चार डॉक्टर सह्या करतात आणि प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातला एकही त्यांत चालत नाही. कोमात गेलेला रुग्ण या चाचण्यांत असा सपशेल निरुत्तर राहत नाही. कागदावर मृत्यूची वेळ म्हणून दुसऱ्या तपासणीची वेळ लागते, व्हेंटिलेटर बंद केल्याची नव्हे.

शंका असेल तर दुसरी तपासणी समोर उभे राहून पाहू द्या, असे सरळ सांगावे. बरेच डॉक्टर हो म्हणतात. यंत्र सोडवल्यावर छाती हलत नाही हे डोळ्यांनी पाहिले की अर्ध्या तासाच्या समुपदेशनाचे काम होते.

निर्णयाला वेळ असतो, पण थोडा. मेंदू गेल्यावर रक्तदाब कोसळतो, लघवी बेसुमार होते, सोडियम चढते, शरीर थंड पडत जाते. औषधांनी हे काही काळ सावरता येते; नंतर हृदयही थांबते. दानाविषयी विचारणे आयसीयूच्या डॉक्टरांचे कायद्याने कर्तव्य आहे. ते विचारत नसतील तर आपण विचारावे. नर्सिंग होमला अवयव काढण्याची नोंदणी नसेल, तर रुग्णाला नोंदणीकृत रुग्णालयात हलवावे लागते. ठाणे-नवी मुंबईतले अवयव वाटपासाठी मुंबईच्या झेडटीसीसीकडे (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे) जातात. अवयव काढल्यापासून बसवेपर्यंत हृदयाला साधारण 4 तास, यकृताला 8 ते 12, मूत्रपिंडाला 24 च्या पुढेही चालतात. शीव-पनवेल महामार्गावरचे सिग्नल थांबवतात ते म्हणूनच.

सही झाल्यापासून पार्थिव हाती येईपर्यंत 12 ते 24 तास सहज जातात. अंत्ययात्रेची वेळ लगेच व्हॉट्सअॅपवर टाकू नये. सगळ्यात जास्त मनस्ताप या एका घाईने होतो. अपघाताच्या प्रकरणात पोलिसांची परवानगी आणि शवविच्छेदन आलेच. त्यासाठी दान अडत नाही, कारण शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला अवयव काढतानाच हजर राहण्याची विनंती करण्याची तरतूद 2014 च्या नियमांत आहे. आणि बिल. दात्याला यंत्रावर ठेवणे, शस्त्रक्रिया, वाहतूक यांतला एक रुपयाही दात्याच्या कुटुंबाकडून घेता येत नाही. त्याआधीच्या उपचारांचे बिल मात्र कुटुंबाचेच. म्हणून सही करताना 'आमचे बिल अमुक वाजेपर्यंत' हे लिहून घ्यावे. मागायला संकोच वाटतो, पण मागावे.

आता घरच्या मृत्यूबद्दल, कारण बहुतेकांच्या बाबतीत तीच शक्यता जास्त. डोळे आणि त्वचा 6 तासांच्या आत घेता येतात. घरी येऊनच घेतात. पहिली अडचण येते डॉक्टरच्या दाखल्याची. रात्री दोन वाजता 4-अ नमुन्यावर मृत्यूचे कारण लिहून सही कोण देणार? ज्याने रुग्णाला सहा महिन्यांत पाहिले नाही, तो देत नाही, आणि दाखल्याशिवाय पथक हात लावत नाही. घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर फॅमिली डॉक्टरला अधूनमधून बोलावत राहावे, फाइल हाताशी ठेवावी. मृत्यू झाल्यावर पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी देऊन ते वीतभर उंच करायचे आणि पंखा बंद करायचा. तुळशीपत्र, गंगाजल यांना कुणाची आडकाठी नाही. पण दहा माणसे खोलीत जमली की कुणीतरी पंखा पाचावर करतोच, आणि बुबुळ सुकते. नेत्रपेढीचे काम 15-20 मिनिटांचे. चष्मा, मोतीबिंदू, मधुमेह चालतो. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, रेबीज, रक्ताचा कर्करोग, सेप्सिस चालत नाही.

त्वचेबद्दल लोक दचकतात, पण पाठ आणि मांड्या-पायांवरून कागदासारखा पातळ थर तेवढा काढतात, रक्त येत नाही, पट्टी बांधून देतात. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे. ही त्वचा ग्लिसरॉलमध्ये 5 वर्षांपर्यंत टिकते, रक्तगट जुळावा लागत नाही. भाजलेल्या माणसाच्या उघड्या जखमेवर ती दोन-तीन आठवडे पांघरुणासारखी राहते आणि तेवढ्यात जंतुसंसर्ग टळतो. आपल्या पट्ट्यात इतके जवळचे आणि इतके कमी विचारले जाणारे दान दुसरे नाही.

देहदान वेगळे. कळव्याचे राजीव गांधी, नेरूळचे डी. वाय. पाटील, कामोठ्याचे एमजीएम ही जवळची वैद्यकीय महाविद्यालये. अवयव काढलेला किंवा शवविच्छेदन झालेला देह ती सहसा घेत नाहीत. नेत्रदान झालेला घेतात. तेव्हा 'दोन्ही करू' असे ठरवलेल्यांनी पहिली पसंती आणि दुसरी पसंती लिहून ठेवावी.

शेवटचा मुद्दा अलीकडचा. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये लिव्हिंग विलची (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याची) प्रक्रिया सोपी केल्यापासून अनेक ज्येष्ठ नोटरीकडे जाऊन 'मला व्हेंटिलेटर नको' असे लिहून ठेवतात, आणि तेच अवयवदानाचे कार्डही बाळगतात. व्हेंटिलेटरच नसेल तर मेंदूमृत्यूची तपासणी होणार नाही आणि अवयवही मिळणार नाहीत. दोन्ही हवे असेल तर त्याच कागदात एक वाक्य वाढवावे: 'मी मेंदूमृत झालो असल्याची शक्यता असल्यास, ती तपासणी आणि अवयव काढण्यापुरते मला यंत्रावर ठेवण्यास माझी हरकत नाही.' नोटरीला हे सुचत नाही. आपणच सांगावे लागते.

एक निवृत्त प्रत्यारोपण समन्वयक, ठाणे (पूर्व)
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)