काईल हाइन्स ‘पोट भरत राहिला’ नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल क्रीडा पानावर काईल हाइन्सविषयीचा मजकूर वाचला आणि त्यातलं एक वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही. तुमचे लेखक म्हणतात, उंची कमी पडल्याने एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या बास्केटबॉल लीगने, नाकारलेला हा अमेरिकन खेळाडू ‘युरोपातल्या दुय्यम लीगमध्ये पोट भरत राहिला’ आणि ‘तिथे त्याने बऱ्यापैकी यशही मिळवलं’.

बऱ्यापैकी? युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा म्हणजे युरोलीग. ती चार वेळा जिंकणं म्हणजे बऱ्यापैकी? 2012 आणि 2013 ला ग्रीसच्या ऑलिंपियाकोसकडून, 2016 आणि 2019 ला रशियाच्या सीएसकेए मॉस्कोकडून. मोठमोठे क्लब तिथे एका करंडकासाठी वर्षानुवर्षं झुरतात. बास्केटबॉलवर मराठी वर्तमानपत्रात अर्धं पान आलं याचा मला मनापासून आनंद झाला होता. शेवटपर्यंत वाचल्यावर तो टिकला नाही.

2008 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याला कुणी घेतलं नाही, हे खरं आहे. साठ नावं पुकारली गेली, त्यात हे नाव नव्हतं. एनबीएत तो एकही सामना खेळला नाही, हेही खरं. पण नॉर्थ कॅरोलिना ग्रीन्सबरो विद्यापीठाकडून चार वर्षांत त्याने दोन हजारांवर गुण, हजारावर रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) आणि तीनशेवर ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेत अडवणं) केले होते. सेंटर म्हणजे बास्केटजवळ खेळणारा, एरवी संघातला सर्वांत उंच गडी. 6 फूट 6 इंचाचा सेंटर, आणि तीनशेवर ब्लॉक! अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या साऱ्या इतिहासात हे तिन्ही आकडे गाठणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. हे सगळं समोर असताना त्याला वगळलं, कारण त्या जागेवर सात फुटी माणूस हवा अशी समजूत होती. तुमच्या लेखकाने ती समजूत तपासली नाही. ‘उंची कमी पडल्याने’ असं सरळ लिहून टाकलं, जणू चूक हाइन्सच्या हाडांची होती.

हे मला इतकं का लागलं, ते सांगते.

1978 साली मी नववीत होते. जिल्हा संघाची निवड चाचणी होती. पहाटेची पहिली एसटी धरून आई मला घेऊन आली होती. पायात चुलतभावाचे कॅनव्हासचे बूट होते, पुढे बोटांपाशी कापूस कोंबलेला. मैदानाला लागून सामानाची खोली होती आणि तिच्या भिंतीवर कोळशाने एक आडवी रेघ मारली होती. निवड करणाऱ्या सरांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकीला त्या भिंतीला पाठ लावायला सांगितलं. जिचं डोकं रेघेला लागलं नाही तिने बाजूला बसायचं. आम्ही सात जणी बसलो. चुन्याच्या पोत्याजवळ सावली होती, तिथे. माझं डोकं रेघेच्या खाली चार बोटं राहिलं.

त्या दिवशी माझ्या हातात कुणी चेंडू दिलाच नाही. मला धावत जाऊन बास्केटजवळून एक लेअप मारू द्या, डाव्या हाताने मारून दाखवते, असं मी सरांना दोनदा म्हणाले. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, “बाळ, पुढच्या वर्षी उंच होऊन ये.” मी उंच झाले नाही. दुपारी घरून आणलेली भाकरी सोडली तेव्हा आई एवढंच म्हणाली, “खेळ बघितला असता तर बरं झालं असतं.” तिला बास्केटबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण एवढं कळत होतं.

पुढे मी क्रीडाशिक्षिका झाले. एकतीस वर्षं मुलींना बास्केटबॉल शिकवला आणि एकदाही कुणाची उंची मोजली नाही. शाळेच्या आरोग्य तपासणीत मोजत, तेव्हा मी खोलीबाहेर थांबत असे.

हाइन्स मी डोळ्यांनी पाहिला आहे. 2011 च्या सुरुवातीला, हिवाळ्यात, मी मुलाकडे जर्मनीत न्यूरेंबर्गला गेले होते. तिथून रेल्वेने तासाभराच्या आत बांबर्ग लागतं. गाव लहान, पण बास्केटबॉलचं वेड एवढं की लोक स्वतःच त्याला ‘फ्रीक सिटी’ म्हणतात. मुलाने तिकिटं काढली होती. साडीवर स्वेटर, त्यावर कोट अशा अवतारात मी बास्केटच्या मागच्या बाजूला बसले. हाइन्स तेव्हा तिथे खेळत होता आणि मला त्याचं नावही माहीत नव्हतं. सामना सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील, मी मुलाला विचारलं, “तो बुटका सेंटर कोण रे?”

त्याने काय केलं ते सांगते, कारण हे तुमच्या मजकुरात कुठेच नाही. शॉट सुटला की बाकीचे वर चेंडूकडे बघत, हा आधी समोरच्या माणसाकडे बघे. पाय फाकवून, गुडघ्यात वाकून, कंबर एवढी खाली घेई की त्याची पाठ त्या उंच गड्याच्या मांड्यांना टेकायची. मग पाठीनेच तो त्याला एकेक पाऊल मागे रेटत नेई. चेंडू रिंगवरून उडेपर्यंत तो सात फुटी माणूस बोर्डापासून इतका लांब गेलेला असे की त्याच्या उंचीचा काही उपयोगच उरत नसे. हाइन्स फार उंच उडी मारत नव्हता. त्याला गरजच नव्हती, जागा आधीच त्याची झालेली असे. आणि बचावात समोरच्या संघाने स्क्रीन लावून, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आडवं उभं राहून, एखादा चपळ गार्ड (चेंडू खेळवणारा खेळाडू) त्याच्यासमोर आणला, तर हा त्या गार्डसमोरही हात पसरून, पाय सरकवत टिकून राहायचा. एरवी सेंटर अशा वेळी उघडे पडतात आणि प्रशिक्षकाला त्यांना बाकावर बसवावं लागतं.

हे मी मुलींना वर्षानुवर्षं सांगत होते, कंबर खाली, कंबर खाली! त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला ते एवढ्या वरच्या पातळीवर बघायला मिळालं. माझे डोळे भरून आले. शेजारच्या जर्मन बाईंनी रुमाल पुढे केला.

त्या मोसमात बांबर्ग जर्मनीचं विजेतं ठरलं आणि अंतिम फेरीतला सर्वोत्तम खेळाडू हाइन्सच होता. त्याआधी दोन वर्षं तो इटलीत दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये, वेरोली नावाच्या डोंगरावरच्या गावाकडून खेळला. ‘दुय्यम’ हा शब्द फार तर तिथे चालेल. त्यानंतर नाही.

मग हाइन्स ऑलिंपियाकोसकडे गेला. ग्रीसमध्ये कर्जाचं संकट होतं, ऑलिंपियाकोसने खर्च कमी केला होता, आणि 2012 ला इस्तंबूलच्या युरोलीग अंतिम सामन्यात समोर सीएसकेए मॉस्कोचा श्रीमंत संघ. आंद्रेई किरिलेंको त्यांच्याकडे, नेनाद क्रस्तिचसारखा सात फुटी सेंटर त्यांच्याकडे. तिसऱ्या सत्रात 19 गुणांनी मागे पडलेला ऑलिंपियाकोस 62-61 असा जिंकला. शेवटची बास्केट त्याचा सहकारी प्रिंटेझिसची, तिचं श्रेय त्याचंच. पुढच्या वर्षी लंडनला उपांत्य फेरीत पुन्हा मॉस्कोच समोर आलं, तेव्हा ऑलिंपियाकोसने त्यांना 52 गुणांवर रोखलं, 69-52. मग अंतिम सामन्यात रेआल माद्रिदला 100-88 असं हरवलं. आणि त्याच उन्हाळ्यात मॉस्कोने काय केलं? दोन वर्षं ज्याच्या संघाने आपल्याला हरवलं त्या हाइन्सलाच करारबद्ध केलं, आणि सात मोसम ठेवून घेतलं.

सात मोसम! परदेशी लीगमध्ये अमेरिकन खेळाडूचा करार बहुधा एका वर्षाचा, फार तर दोन. दोन महिने खेळ बसला नाही तर भर मोसमात त्याच्या हातात परतीचं तिकीट देतात आणि दुसरा आणतात. भाषा येत नाही, घर क्लबचं, गाडी क्लबची, बायकामुलं तुटलेली. अशा धंद्यात एकाच क्लबात सात वर्षं टिकणारा माणूस ‘पोट भरत’ नसतो. 2016 ला आणि पुन्हा 2018 ला त्याला युरोलीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरवलं, ते काय दया म्हणून? मॉस्कोत त्याला पहिल्या वर्षी शिकवणारे प्रशिक्षक एत्तोरे मेस्सिना पुढे इटलीतल्या मिलान क्लबाकडे गेले आणि 2020 ला त्यांनी हाइन्सला तिथे बोलावून घेतलं. 2024 ला निवृत्त होईपर्यंत तो तिथेच होता.

आणि परदेशी लीग म्हणजे एनबीएत न जमलेल्यांची धर्मशाळा, हा समजही तुमच्या लेखकाने आता सोडावा. 1975 चा एनबीएतला सर्वोत्तम खेळाडू बॉब मॅकॅडू 1986 ला मिलानला गेला आणि त्या क्लबाला सलग दोनदा युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं.

‘पोट भरणं’ या शब्दांविषयीही एक सांगायचं आहे. माझे वडील मुंबईत माथाडी होते. आमच्या सातारा जिल्ह्यातली कितीतरी घरं मुंबईच्या पगारावर आणि फौजेच्या पेन्शनीवर उभी राहिली. गावात भागलं नाही म्हणून हा बाहेर गेला, असं वडिलांबद्दल कुणी तुच्छतेने म्हटलेलं मी ऐकलं नाही. आपलं काम घेऊन परमुलखात गेलेल्या आणि तिथे मान मिळवलेल्या माणसाबद्दल असं लिहायला मराठी वर्तमानपत्राची लेखणी कशी धजावली, हे मला समजत नाही.

याच पत्रात आणखी एक गोष्ट लिहिते, कारण त्यासाठी वेगळी पाठवलेली दोन पत्रं तुम्ही छापली नाहीत. आमच्या भागातल्या बास्केटबॉल मैदानावर लग्नसराईत मांडव घालतात. गेल्या मे महिन्यात खांबांसाठी सिमेंटला भोकं पाडली, त्यातली तीन बरोबर फ्री थ्रोच्या रेषेवर, म्हणजे जिथून फाऊलनंतरचा मोकळा शॉट मारतात तिथे. ती अजून बुजवलेली नाहीत. सकाळी सहाला ज्या मुली येतात त्या त्यात पाय जाऊ नये म्हणून रेषेच्या अर्धं पाऊल मागून फ्री थ्रो मारतात. जूनमध्ये एकीचा घोटा मुरगळला, महिनाभर प्लास्टर होतं. तिची उंची विचाराल तर माझ्याएवढीच आहे. संघात पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारी, म्हणून खेळते आणि रिबाउंडलाही घुसते. परवा मी तिला मोबाइलवर हाइन्सच्या जुन्या सामन्याची चित्रफीत दाखवली. तिने ती सहा वेळा लावली, मग मैदानाच्या कडेला जाऊन मैत्रिणीला पाठीने रेटायचा सराव करत राहिली. काल तुमचं पान तिच्या घरीही आलं असणार.

म्हणून विनंती आहे. ते वाक्य मागे घ्या आणि दुरुस्ती त्याच पानावर, दिसेल अशी छापा. काईल हाइन्स, उंची 6 फूट 6 इंच, जागा सेंटर, युरोलीग विजेता चार वेळा. एवढं छापलंत तरी पुरे. आणि जमल्यास त्या मैदानाचा फोटो काढायला कुणाला तरी पाठवा. आम्ही सकाळी सहा ते आठ तिथेच असतो.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, सातारा