एसी किती टनाचा, हे खोली पाहून ठरवा

संपादक महाशय,

थंडी पडू लागली की नागपुरात ‘हॉट अँड कोल्ड’ एसीची चौकशी वाढते. घरात म्हातारी माणसं असतील तर रूम हीटरपेक्षा तो केव्हाही चांगला. हीटर एका युनिट विजेची एक युनिटच ऊब देतो. हा एसी बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे आपल्याकडच्या थंडीत साधारण तिप्पट ऊब मिळते. पण दुकानात नुसती लांबी-रुंदी विचारून टन सांगतात, याचं मला एसी दुरुस्त करणारा म्हणून फार वाईट वाटतं.

मनीषनगरातल्या एका घरी वरच्या मजल्यावर आईवडिलांची बारा बाय बाराची खोली. पश्चिमेची आणि उत्तरेची भिंत उघडी. “थंडीतही लागेल” म्हणून दुकानदाराने दोन टनाचा गळ्यात मारला होता. मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. बाहेर 8 आणि आत 22 अंश धरले, तर स्लॅब, दोन भिंती आणि फटी मिळून साधारण दीड किलोवॅट उष्णता बाहेर जाते. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. हिवाळ्याला अर्धा टन पुरतो!

आपल्याकडे टन ठरवतो तो मे महिना. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहालाही खोलीत आग ओकत असतो. त्यात लेबलवरची क्षमता बाहेर 35 अंश असताना मोजलेली. पारा 45 वर गेला की ती घटते. हे सगळं धरूनही त्या खोलीला दीड टन भरपूर झाला असता.

जास्त टनाचा एसी खोली झटकन गार करून थांबतो, पुन्हा सुरू होतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतला ओलावा नीट निघत नाही, अंथरूण दमट लागतं. गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणाऱ्या इन्व्हर्टर एसीलाही वेग खाली आणायची मर्यादा असतेच.

विक्रेत्यांनी आधी माणूस पाठवून मजला, दिशा, खिडक्या पाहाव्यात. ग्राहकांनी 45 अंशांच्या आसपास क्षमता किती, हे लेखी मागावं. आणि त्याआधी गच्चीला पांढरा चुना मारून घ्यावा, भार तिथेच कमी होतो. हिवाळ्यात एसीच्या झडपा खाली वळवाव्यात, नाहीतर ऊब छताशीच राहते आणि पलंगावरची आजी गारठलेलीच.

– एक एसी मेकॅनिक, मानेवाडा, नागपूर